‘आयेल्ट्स द्यावी लागते’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ब्रिटिश नागरिकत्वावर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात इंग्रजीचा विषय ‘त्यासाठी आयेल्ट्स द्यावी लागते’ या एका ओळीत उरकला आहे (आयेल्ट्स म्हणजे इंग्रजीची परीक्षा). या ओळीवर विसंबून कोणी नेहमीची ॲकॅडेमिक आयेल्ट्स दिली, तर परीक्षेची फी फुकट जाईल आणि पाठोपाठ अर्जाचीही. ९ एप्रिल २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे प्रौढाच्या अर्जाला १,६०५ पौंड आणि शपथविधीचे १३०, असे १,७३५ पौंड पडत होते. अर्ज फेटाळला की शपथविधीचे तेवढे परत येतात.

नियमाला लागते ती ‘बी-वन’, म्हणजे युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची मध्यम पातळी, आणि तीही फक्त बोलण्या-ऐकण्याची. वाचन-लेखन कोणी विचारत नाही. वय १८ ते ६४ असेल तरच ही अट आहे. अर्जाच्या दिवशी ६५ पूर्ण असतील तर भाषेची अटही नाही आणि ‘लाइफ इन द यूके’ची, म्हणजे ब्रिटनविषयीच्या सामान्यज्ञानाची, परीक्षाही नाही. घरातल्या आजींना चौसष्ट वर्षे दहा महिने झाले असतील, तर त्यांना क्लासला घालण्यापेक्षा दोन महिने थांबलेले बरे. दीर्घकाळच्या शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे सूट मिळते, पण त्यासाठी ठरावीक फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. नुसत्या औषधांच्या चिठ्ठ्या जोडून काम होत नाही.

बहुतेकांनी आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, घेताना बी-वन दिलेली असते. त्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची. नागरिकत्वाचा अर्ज भरेपर्यंत ती उलटून गेलेली असते, आणि घाबरून लोक पुन्हा परीक्षेला बसतात. ते करू नये. ज्या बी-वनवर आयएलआर मंजूर झाला, तीच नागरिकत्वाला चालते, मुदत संपली असली तरी आणि ती परीक्षा आजच्या यादीत नसली तरी. फाइलमधून नेमका कागद काढावा, एवढेच. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांकडे सहसा तीन प्रमाणपत्रे साठलेली असतात: येताना ए-वन (सर्वांत खालची पातळी), अडीच वर्षांनी मुदतवाढीला ए-टू आणि शेवटी बी-वन. घाईत ए-टूच स्कॅन करून जोडणारे कमी नाहीत.

२८ ऑक्टोबर २०१३ च्या आधी आयएलआर घेतलेल्यांची गत वेगळी आहे. तेव्हा ‘लाइफ इन द यूके’ उत्तीर्ण झाले की भाषाही आली असे धरत. त्या तारखेपासून दोन्ही पुरावे स्वतंत्र लागतात. जुनी ‘लाइफ इन द यूके’ बाद होत नाही, तिला मुदतच नाही. पण बी-वनची जागा रिकामी राहते, आणि पंधरा-वीस वर्षे इंग्रजीत नोकरी केलेल्या माणसाला हे पटवणे सर्वांत अवघड जाते.

स्विंडन, साउथॉल, वेम्ब्ली भागांत पोर्तुगीज पासपोर्टावर राहणाऱ्या गोमंतकीयांना तर लेखातल्या त्या ओळीचा काहीच उपयोग नाही. युरोपीय नागरिक म्हणून त्यांना ‘सेटल्ड स्टेटस’ मिळाले तेव्हा इंग्रजीचा शब्दही विचारला नव्हता. नागरिकत्वाच्या अर्जात मात्र बी-वन आणि ‘लाइफ इन द यूके’ दोन्ही पहिल्यांदाच समोर येतात. ज्या देशांच्या नागरिकांना भाषेचा पुरावा माफ आहे त्या यादीत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड, जमैका, माल्टा वगैरे आहेत. पोर्तुगाल नाही, आणि भारतही नाही.

आता परीक्षेऐवजी चालणारी पदवी. ब्रिटनमधल्या विद्यापीठाची पदवी असेल तर प्रमाणपत्र जोडले की झाले. भारतातली असेल तर मध्ये परदेशी पदव्यांचा दर्जा ठरवणारी ‘यूके एनिक’ येते. नॅरिक म्हणून जुने लोक ओळखतात ती हीच, २०२१ मध्ये नाव बदलले. एनिककडून दोन गोष्टी लागतात: पदवी ब्रिटिश बॅचलर किंवा त्यावरच्या दर्जाची आहे, आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली. कॉलेजच्या प्राचार्यांचे ‘शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते’ असे पत्र थेट अर्जाला जोडून भागत नाही. ते पत्र एनिकला दाखवायचे आणि एनिकचा कागद अर्जाला लावायचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा बॅचलरच्या बरोबरीचा धरला जात नाही. बी.ए.चे पेपर मराठीत लिहिलेले असतील तर ती वाट बंदच. परिचारिका आणि डॉक्टर व्यावसायिक नोंदणीसाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देतात, तीही गृहखात्याच्या मान्य परीक्षांत नाही.

आपल्याकडच्या पदव्यांची खरी अडचण माध्यमापेक्षा नावाची असते. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ‘कुलकर्णी सुनीता विनायक’ आणि पासपोर्टवर ‘सुनीता महेश जोशी’. म्हणजे वडिलांचे नाव गेले, नवऱ्याचे आले, आडनाव बदलले आणि क्रमही उलटला. परक्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला जोडला की हा गुंता सुटतो. तो फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागते. लग्नात पहिले नावही बदलले असेल तर दाखलाही अपुरा पडू शकतो. ताटातल्या तांदळात लिहिलेले नाव राजपत्रात छापून घेतलेले नसते, आणि ते वीस वर्षांनी लंडनमध्ये आठवते. अशा वेळी कागदांची जुळवाजुळव करत बसण्यापेक्षा सरळ बी-वन दिलेली स्वस्त आणि लवकर होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षा द्यायचीच असेल तर ती ‘सेल्ट’ हवी, म्हणजे गृहखात्याने मान्य केलेली, मान्य केंद्रावर दिलेली. ब्रिटनमध्ये ट्रिनिटी, आयेल्ट्स, लँग्वेजसर्ट आणि पिअर्सन या चौघांच्या आहेत. आयेल्ट्सचे नाव घेताना ‘लाइफ स्किल्स बी-वन’ असे पूर्ण घ्यावे. ती साधारण २२ मिनिटांची, दोन उमेदवारांना एकत्र बसवून होते. ट्रिनिटीची ‘गेसे ग्रेड फाइव्ह’ एकट्याची आणि १० मिनिटांची. कॉलेजच्या ईसॉल, म्हणजे परभाषकांसाठीच्या इंग्रजी वर्गाचे प्रमाणपत्र शिकायला चांगले, पण या अर्जाला चालत नाही. नावनोंदणी पासपोर्टावरच्या अक्षरांप्रमाणे तंतोतंत करावी आणि नोंदणीत दिलेला तोच मूळ पासपोर्ट परीक्षेला न्यावा. मधल्या काळात पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला तर केंद्राच्या दारातून परत यावे लागेल. निकालावरचा संदर्भ क्रमांक अर्जात लिहायचा असतो, तो जपून ठेवावा.

ट्रिनिटीच्या दहा मिनिटांतली पहिली पाच तुम्ही तयार करून आणलेल्या विषयाची. आपली माणसे गणेशोत्सव निवडतात आणि निबंध पाठ करून जातात. परीक्षक दुसऱ्या वाक्यालाच थांबवतो, ‘सजावट कोण करतं? यंदा काय वेगळं केलंत?’ असे विचारतो, आणि पाठ केलेले सगळे कोलमडते. पाठांतर ओळखणे हे त्याचे कामच आहे. दुसरी गोष्ट, या भागात उमेदवाराने परीक्षकाला निदान एक प्रश्न विचारायचा असतो. ‘सरांना उलट प्रश्न कसा विचारायचा’ या संकोचात बरेच जण तो सोडून देतात. उरलेली पाच मिनिटे सण, प्रवासाची साधने, संगीत, करमणूक, खास प्रसंग, अलीकडचे अनुभव अशा विषयांवर गप्पांची.

व्याकरणात मराठी माणूस हमखास घसरतो तो पूर्ण वर्तमानकाळावर. मराठीत ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतोय’ हे चालू काळातच बसते, म्हणून तोंडून निघते ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’. परीक्षकाला ऐकायचे असते ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. या पातळीला नेमका हाच काळ तपासतात, त्यामुळे ‘फॉर’ कालावधीला आणि ‘सिन्स’ आरंभाच्या तारखेला, एवढे आठवडाभर घोकले तरी फरक पडतो. उच्चार मराठी वळणाचे असले तरी घाबरायचे कारण नाही, समोरच्याला समजले म्हणजे पुरे.

मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठी भाषेची पातळी बी-टू, म्हणजे एक पायरी वर, करण्याचा सरकारचा मनोदय जाहीर झाला होता. त्यामुळे फी भरण्याआधी त्या दिवशीचे नियम सरकारी संकेतस्थळावर वाचून घ्यावेत, नातेवाइकांनी तीन वर्षांपूर्वी काय केले ते विचारत बसू नये.

लेखात दुरुस्ती छापणार असाल तर ‘आयेल्ट्स’च्या जागी ‘बी-वन पातळीची सेल्ट, बोलणे व ऐकणे’ असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, हॅरो