सिस्टर, तुम्ही फोनवर थँक्यू म्हणू देत नाही म्हणून इथं लिहितेय

सिस्टर, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषयच बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंगला, म्हणजे डिप्लोमानंतरच्या दोन वर्षांच्या डिग्रीला, माझं अॅडमिशन झालं. फॉर्मला जोडायला जीएनएमचं, म्हणजे तीन वर्षांच्या नर्सिंग डिप्लोमाचं, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट बाहेर काढलं आणि खरं सांगते, मायच्या आधी तुमची आठवण आली.

२०१९ चा जून. बारावी आर्ट्सचा निकाल लागून पंधरा दिवस झालेले. गावात सायन्स नव्हतं आणि अकरावीला तालुक्याला एकटी ठेवायची घरच्यांची तयारी नव्हती, म्हणून आर्ट्स. मला नर्स व्हायचं होतं पण आर्ट्सवाल्यांना नर्सिंग नाहीच असं जो तो सांगायचा. तेवढ्यात शहरातल्या एका इन्स्टिट्यूटचा माणूस घरी येऊन गेला, एका वर्षाचा नर्सिंग कोर्स, कुठलीही शाखा चालेल, नोकरीची गॅरंटी, फी ६० हजार आणि पहिले १० हजार आठ दिवसात भरा. अण्णांनी मुकादमाला उचल मागितली. ऊसतोडीच्या घरात उचल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, दिवाळीनंतर चार-पाच महिने दोघांनी कोयता चालवून ती फेडायची असते. म्हणजे माझी फी मायच्या पाठीवरच जाणार होती.

मी तुमच्या आरोग्य उपकेंद्रात आले ती फक्त तुम्हाला आनंदाची बातमी सांगायला. लसीकरणाचा दिवस होता, बाया बाळं घेऊन बसलेल्या, तुम्ही एका बाळाच्या मांडीत इंजेक्शन देत होतात आणि मान वर न करताच विचारलंत, "त्या कोर्सवर नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होतं का?" मला तो शब्दच माहीत नव्हता. तुम्ही म्हणालात, "जा, एवढंच विचारून ये आणि तोवर एक रुपया देऊ नको." मी शेजारच्या दादाच्या फोनवरून विचारलं तर तो माणूस म्हणे सर्टिफिकेट मिळतं की, रजिस्ट्रेशनचं कशाला बघता. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही संध्याकाळी स्वतः घरी आलात आणि अण्णांसमोर बसून सगळं फोडून सांगितलंत, की रजिस्ट्रेशन नसेल तर ही आयुष्यभर दवाखान्यात मदतनीस म्हणूनच राहील, नर्सचं काम करून घेतील पण नर्स म्हणून कुठंच धरणार नाहीत, सरकारी जागेचा फॉर्मसुद्धा भरता येणार नाही. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, पण सकाळी मुकादमाला नाही म्हणून आले.

नंतर तुम्ही मला पुढचे रस्ते समजावलेत ते अजून तसेच्या तसे आठवतात. बीएससी नर्सिंग चार वर्षं, पण त्याला बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतं, ते तुझ्याकडं नाही, त्यासाठी परत अकरावीपासून सुरू करायची गरज नाही. एएनएम दोन वर्षं, ते केलं की माझ्यासारखं उपकेंद्रात काम. जीएनएम तीन वर्षं, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, त्यात आर्ट्स चालतं फक्त बारावीला इंग्रजी पाहिजे आणि ४० टक्के पाहिजेत. मी लगेच म्हणाले की एएनएमच करते, लवकर कमवायला लागेन. तुम्ही स्वतः एएनएम, तरी मला तिकडं ओढलं नाहीत. म्हणालात, "५००० माणसं माझ्या अंगावर आहेत आणि मला हे काम जिवापाड आवडतं, पण तुला वॉर्डात काम करायचंय ना? मग जीएनएम कर, त्याच्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बीएससीची डिग्री तुझीच आहे. आधी एएनएम करून मग जीएनएम करता येतं, पण त्यात तुझी दोन वर्षं जादा जातील." स्वतःच्या कामाचा एवढा मान ठेवून दुसऱ्याला दुसरी वाट दाखवणारं माणूस मी अजून तरी दुसरं पाहिलं नाही.

आणि तो दवाखान्यातला दिवस. फॉर्म भरायच्या आधी तुम्ही ओळखीच्या इन-चार्ज सिस्टरांना विचारून मला सर्जिकल वॉर्ड दाखवायला नेलंत, कारण तुमचं म्हणणं की पांढरा ड्रेस बघून कुणी नर्सिंगला येऊ नये. एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग चाललेलं, डायबेटिसची जखम, तो वास आला आणि माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. तुम्ही मला बाकावर बसवून पाणी दिलंत. मला वाटलं आता म्हणाल हिला जमणार नाही. पण तुम्ही विचारलंत, "त्या आजोबांचं तोंड बघितलं का तू?" मी नाही म्हणाले. तुम्ही मला परत आत नेलंत आणि त्यांच्या उशाशी उभं केलंत. ते माझ्याशी गप्पा मारायला लागले, कुठल्या गावची, कुणाची, आणि ड्रेसिंग कधी संपलं मला कळलंच नाही. आजही नवीन स्टुडंट घाबरली की मी तिला पेशंटच्या डोक्याकडच्या बाजूला उभी करते.

कागदपत्रांचं तर किती लिहू, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, डोमिसाईल, तहसीलला तीन चकरा, प्रत्येक वेळी तुम्ही फोन करून विचारायचात कुठं अडलं.

जीएनएमचं पहिलं वर्ष संपायच्या आत लॉकडाऊन लागलं आणि आम्हाला घरी पाठवलं. मी मोबाईलवर अॅनाटॉमी वाचत बसलेली आणि तुम्ही थर्मल गन, ऑक्सिमीटर घेऊन 'माझे कुटुंब माझी जबाबदारी'चा सर्व्हे करत दारोदार फिरत होतात. आमच्या अंगणात तुम्ही आलात तेव्हा माय लांबूनच रडली. त्या दिवसापासून अण्णांनी माझ्या लग्नाचा विषय काढणं बंद केलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

२०२२ ला पास झाले, नावापुढं आरएनआरएम (रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाईफ) लागलं, पहिल्या पगारातून मायला चष्मा केला.

आता एक काम सांगते, नाही म्हणू नका. आमच्या चुलत्यांची धाकटी यंदा दहावी झाली, तिलाही नर्सच व्हायचंय. तिला मी सायन्सच घे म्हणून सांगितलंय, कारण बीएससी पहिल्यापासूनच करता आली तर बरं, आता त्याला सीईटी पण आहे. पण चुलते ऐकत नाहीत, तालुक्याला पाठवत नाहीत. माझ्या फोनवर ते हो हो म्हणतात आणि विसरतात. लसीकरण आटोपलं की एका संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसा ना, आमच्याकडं बसला होतात तसं. ते घरी सातनंतर असतात.

तुमची,
उपकेंद्रामागच्या गल्लीतली