घराचे कागद

चि. मनू,

परवा फोनवर तुझा आवाज चढला आणि माझाही. निखिल मध्ये पडला म्हणून बरं, नाहीतर दोघी आणखी काय काय बोललो असतो कोण जाणे. फोनवर माझं म्हणणं नीट मांडून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी हे सांगते, की तू भाड्याने द्यायला म्हणून जी ऑफिसची जागा घ्यायला निघालीयस, तिचे तू पाठवलेले सगळे कागद मी वाचले. भाडेकरार, बँकेचं मंजुरीपत्र, आणि तू स्वतः मांडलेला हिशोब. कर्ज विभागात माझी हयात गेली. माणसं वर्षाच्या भाड्याला किमतीने भागतात, आलेल्या टक्क्यांवर खूश होतात आणि तोच कागद आमच्यासमोर ठेवतात. तू त्यातून मालमत्ता कर, विमा, देखभाल, दलाली, भाडेकरू बदलताना मधे वाया जाणारे महिने, सगळं वजा केलंस. वर आठ टक्के दिसतात आणि हातात सहाच पडतात, हे तू तुझ्या अक्षरात लिहिलंयस. मी तो कागद बाबांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दादा आला तेव्हा त्यांनी तो मुद्दाम काढून त्याच्या हातात दिला. तेव्हा तुला यातलं कळत नाही असं मी फोनवर म्हटलं असेन, तर ते रागाच्या भरात. मनावर घेऊ नकोस.

व्यवहारातलं चांगलं मलाही दिसतं. राहत्या घरापेक्षा ऑफिसच्या जागेला किमतीच्या मानाने भाडं बहुतेक ठिकाणी जास्त येतं. करार लांब मुदतीचे असतात, भाडं कधी आणि किती वाढणार ते आधीच लिहिलेलं असतं. भाडेकरूने एकदा स्वतःच्या पैशाने केबिनी, वायरिंग, वातानुकूलन करून घेतलं की तोही सहज उठत नाही. महिन्याच्या महिन्याला येणारा, पगाराशी संबंध नसलेला पैसा तुला हवाय, तो का हवाय हेही मला कळतं. माईच्या आजारपणात तू नोकरी सोडून इथे येऊन राहिलीस, ते मी विसरलेले नाही.

पण मनू, राहतं घर तारण ठेवून हे करू नकोस.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. आता लिहिलंच आहे तर पुरतं लिहिते.

तुझाच हिशोब घे. जागेची किंमत १०० धर. त्यात ७० बँकेचे, ३० तुझे. खर्च वजा जाता भाडं ६, म्हणजे आज घेणारा सहा टक्क्यांवर राजी आहे. उद्या व्याजदर चढले, आणि आठ टक्के मिळाल्याशिवाय कुणी हात लावेना. तेव्हा ६ भाडं देणारी तीच जागा ७५ ला जाते. भाडेकरू तोच, भाडं तेच, भिंतीला साधा तडा नाही. बँकेचे ७० मात्र जागच्या जागी. तुझ्या ३० मधले उरले ५. आणि ते ३० तरी कुठून आणतेयस? त्यातले बरेचसे घरावरच्या कर्जाचे. म्हणजे पडझडीची झळ सोसायला जो स्वतःचा पैसा हवा, तोही उसनाच.

दुसरं. तुझं कर्ज पंधरा वर्षांचं आहे. भाडेकरार नऊ वर्षांचा, पण त्यात भाडेकरू बांधलेला आहे तो पहिली तीनच वर्षं. पुढे नोटीस दिली की तो मोकळा. बँकेला नोटीस देऊन तू मोकळी होत नाहीस. ते लॉक-इनचं कलम पुन्हा वाच, आणि वाचताना तीनच्या शेजारी पंधरा लिही.

तुझा भाडेकरू तर जागा घेऊन तिथली टेबलं दुसऱ्यांना महिन्याच्या बोलीने भाड्याने देणारा. तू म्हणालीस की हा धंदा वाढतोय. वाढतोय, खरं आहे. हाच धंदा करणाऱ्या वीवर्कचं नाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २०१९ च्या सुरुवातीला त्या कंपनीची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. इमारतमालकांशी वर्षानुवर्षांचे करार आणि गिऱ्हाईक मात्र महिन्या-महिन्याचं, ही तिच्या धंद्याची घडण होती. २०२० नंतर माणसं घरून काम करू लागली आणि ती घडण टिकली नाही. मग मालकांना बोलावून भाडी कमी करून घेतली, कितीतरी जागा सोडून दिल्या. अशा भाडेकरूचे मोठे आकडे पाहायचे नसतात. त्याच्याकडे आज किती टेबलं भरलेली आहेत आणि अनामत किती महिन्यांची आहे, ते विचारायचं.

तू म्हणालीस, "आई, एवढी देखणी इमारत रिकामी राहीलच कशी?" न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मध्ये उघडली. जगातली सगळ्यात उंच होती ती. ऐन मंदीत उघडली आणि इतकी रिकामी राहिली, की लोक तिला 'एम्टी स्टेट बिल्डिंग' म्हणायचे. फायद्यात यायला तिला सुमारे वीस वर्षं लागली. आज ती कुणाला रिकामी म्हणून आठवत नाही. इमारत मुळात चांगलीच होती. प्रश्न एवढाच, की तोवर हप्ते कुणी भरायचे.

अप्पाकाकांचा गाळा तुला आठवतो का? रस्ता एकेरी झाला, गिऱ्हाईक तुटलं आणि भाडेकरू निघून गेला. गाळा वाईट नव्हता, चांगला रुंद दर्शनी भाग होता. पुढचे जे आले ते निम्म्या भाड्याचं बोलायचे. अप्पा अडून बसले, कारण एकदा निम्मं भाडं कागदावर आलं की गाळ्याची किंमतही निम्मीच धरली जाणार. म्हणून मग रिकामा. कर चालू, देखभाल चालू, वर आठवड्याला जाऊन झाडायचा. तू त्यांच्याबरोबर हट्टाने जायचीस आणि शटरवर आतून खडूने बेरजा मांडायचीस. एकदा काकूंनी त्या पुसायला घेतल्या तर अप्पा त्यांच्यावर केवढे ओरडले होते! "पोरीचा हिशोब आहे, राहू दे." शेवटी दवाखान्यासाठी एका डॉक्टरीण बाईंनी गाळा घेतला, अप्पांना हव्या त्या भाड्याने. रंगकाम झालं तेव्हा तुझ्या बेरजा गेल्या, आणि तू जेवली नाहीस.

काय सांगत होते? अप्पा थांबू शकले, हे. गाळ्यावर कर्ज नव्हतं आणि काकू ज्या घरात झोपायच्या ते कुणाकडे गहाण नव्हतं.

लंडनच्या कॅनरी वॉर्फ या ऑफिसांच्या भागात याच्या उलट झालं. ऑलिम्पिया अँड यॉर्क ही त्या काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या बांधकाम कंपन्यांत गणली जायची. तिने तिथे मनोरे उभे केले, मंदी आली, भाडेकरू येईनात, आणि १९९२ मध्ये कंपनी कर्जाखाली बुडाली. भुयारी रेल्वे तिथे पोचली १९९९ मध्ये. पुढे तोच भाग मोठमोठ्या बँकांनी भरून गेला. कंपनीचा अंदाज बरोबर ठरला, पण तोवर ती तग धरू शकली नाही.

मी पुन्हा बँकेतल्यासारखी बोलायला लागले. तुला शिकवायचा हेतू नाही, आणि असलाच तर माफ कर. खरं सांगू? मला जागेची भीती वाटत नाही. तू हप्ता चुकू नये म्हणून आम्हाला न सांगता ओढत राहशील, याची वाटते. शाळेत ताप असायचा आणि परीक्षा संपेपर्यंत घरात कुणाला कळू द्यायची नाहीस. तीच मुलगी आहेस तू.

घ्यायचीच असेल तर लहान घे. अर्ध्या आकाराची, कर्ज किमतीच्या निम्म्याच्या आत. किंवा निखिल म्हणत होता तसं रीटमध्ये थोडे घाल, म्हणजे अनेकांच्या पैशातून भाड्याच्या इमारती घेणाऱ्या आणि शेअरसारखे हिस्से विकणाऱ्या संस्थेत. तिथे एका भाडेकरूवर सगळं टांगलेलं नसतं आणि पैसे लागले तर बाजारात विकून मोकळं होता येतं. त्याचेही भाव पडतात, पण त्यासाठी घर गहाण पडत नाही. आणि हीच जागा हवी असेल, तर निदान वर्षभराचे हप्ते वेगळे काढून ठेव आणि जागा रिकामीच आहे असं धरून हिशोब पुन्हा मांड. माझी ठेव आहे, ती त्या राखीव रकमेत धर. गेल्या वेळी "तुमचे पैसे नकोत" म्हणालीस, तेव्हा बाबांना लागलं होतं. कर्जाऊ घे, हवं तर व्याज लाव, मी पावती देईन. घराचे कागद मात्र कपाटातच राहू देत.

दादा रविवारी येतोय. तूही ये, निखिललाही आण. जागेचा विषय मी काढणार नाही, तू काढलास तर बोलू.

तुझी,
आई

ता. क. भाडेकरू गेल्यावर इमारतीच्या देखभालीचे पैसे कुणी भरायचे, हे करारात मला कुठे दिसलं नाही. सहीच्या आधी विचारून घे आणि लेखी घे.