रस्त्याकडच्या वावराबद्दल

एम्स, आयोवा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू जमिनीचीच डॉक्टर ना? मग सांग, प्लॉट पाडायला एजंट मागतोय ती जमीन विकायची का?" दादा मागून एकरी भाव ओरडत होता, त्या गलक्यात काय बोलणार? म्हणून सविस्तर लिहिते.

आई, तू सगळ्यांना सांगतेस की पोरगी अमेरिकेत बँकेचं काहीतरी शिकवते. तसं नाही गं. शेतकरी एखाद्या तुकड्यात मका घेतो, गवत राखतो की प्लॉट पाडतो, हे तो कशावरून ठरवतो आणि सरकारच्या पैशाने त्याचं मन किती वळतं, हेच मी इतकी वर्षं मोजतेय. बाबांनी तलाठी म्हणून पीकपाहणी केली, तीच मी खुर्चीत बसून करते. इथे उपग्रहावरून छोट्या छोट्या चौकोनांची पीकनोंद दरवर्षी होते. चुका त्यातही असतात; कुरणाच्या जागी लसूणघास नोंदलेला मी पाहिलाय. (बाबा, हसू नका.)

माझा प्रबंध ज्या योजनेवर होता ती 1985 च्या शेती कायद्यातली. धूप होणारी जमीन 10 ते 15 वर्षं नांगरायची नाही, गवत लावायचं, सरकार दरवर्षी एकरी भाडं देतं. 2007 मध्ये अशी 3 कोटी 68 लाख एकर जमीन होती. त्याच वर्षी पेट्रोलमध्ये मक्याचं इथेनॉल मिसळायला लावणारा नवा कायदा आला. 2005 च्या सुमारास बुशेलला (म्हणजे सुमारे 25 किलोला) दोन डॉलरच्या आसपास असलेला मका 2012 च्या दुष्काळात सातच्या वर गेला. करार संपले तसं लोकांनी गवत मोडून मका पेरला. आणि 2014 च्या सुगीला भाव चारच्या खाली! एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या उतारावर मी गेले होते. नांगरटीनंतरच्या पावसात घळ पडलेली, मी गुडघ्यापर्यंत आत. गवत त्याने पुन्हा लावलं. वाहून गेलेली माती कुठून आणणार?

तरी त्याचं नुकसान निदान अर्धंमुर्धं भरून निघेल. एकदा बिनशेती होऊन मुरूम पडला, रस्ते आखले, की आपलं वावर परत वावर होत नाही. केनेथ ॲरो आणि अँथनी फिशर या दोघा अर्थतज्ज्ञांनी 1974 मध्ये हेच गणितात मांडलं: पुढचं दिसत नसेल आणि केलेलं परत फिरवता येत नसेल, तर थांबण्यालाही किंमत असते. एजंट एकरी भाव सांगतो, त्यात ती धरलेली नसते.

आणखी एक खर्च तो धरत नाही. इथल्या मक्याच्या शेतांखाली निचऱ्याचे पाइप आहेत, त्यांतून खताचं नायट्रेट नदीत जातं आणि नदीचं पाणी डी मॉइन शहर पितं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम (नायट्रेटमधला नायट्रोजन मोजून). ती पाळायला शहराला नायट्रेट काढायचा वेगळा प्रकल्प चालवावा लागतो. 2015 मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या भागातल्या, शेतांचा निचरा सांभाळणाऱ्या संस्थांवर खटला भरला, 2017 मध्ये तो फेटाळला गेला. भुर्दंड खालच्याच्या माथी! आपल्या विहिरीच्या वरच्या अंगाला वीस घरांचे शोषखड्डे झाले, तर खालच्या वस्तीने कुणाकडे जायचं?

पण मी "जमीन आपली आई" वगैरे म्हणणार नाही. दादाला नाशकात घर हवंय, ते रास्त आहे. आणि इथे बसून "विकू नका" म्हणायला माझं काय जातं? म्हणून माझं मत असं: रस्त्याकडची मुरमाड पट्टी विका. तिथे बाजरीसुद्धा धड येत नाही. विहिरीचं काळं वावर मात्र ठेवा, वाट्याने द्यायला लागलं तरी चालेल. पट्टीच्या पैशांत दादाचं भागलं नाही, तर उरलेले मी देते. नोकरी आता कायम झाली आहे, पेढे तुम्हीच वाटलेत.

इसार घेऊ नका, निदान मोजणी होईपर्यंत. पट्टीला रस्ता किती मीटर लागतो ते बघून कळवा आणि मोजणीच्या नकाशाचा फोटो पाठवा. दादाशी मी रविवारी बोलते. तोवर घरात त्यावरून वाद नको.

तुमची,
मनू