गब्बूची शुगर आणि आमचा फ्रीज

सोलापूर,
रविवार

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू हसलीस, त्याचा राग नाही. मांजराला डायबेटिस म्हटलं की इथेही सगळे आधी हसतात आणि मग विचारतात, "फार गोड खायचा का गं?" गोडाचा काही संबंध नाही. आमचा गब्बू बोका, त्यात नसबंदी झालेला, वय उताराला लागलेलं, अंगानं गुबगुबीत आणि दिवसभर खिडकीत लोळणारा. डॉक्टर म्हणाले, असल्यांनाच हा जास्त होतो, आणि बहुतेक वेळा तो माणसांच्या टाइप २ च्या जवळचा असतो.

पाणी फार प्यायला लागला, तिथून संशय आला. आपल्याकडे नळाला रोज पाणी येतं कुठे? भरून ठेवलेल्या पाण्याचा हिशेब माझ्या डोक्यात पक्का असतो, म्हणून चटकन कळलं. मग त्याच्या वाळूच्या ट्रेला मुंग्या लागल्या. खाणं वाढलं तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. सगळ्यात वाईट वाटलं ते मागच्या पायांचं. मांजर एरवी बोटांवर चालतं, हा टाचेपर्यंत अख्खा पाय फरशीवर टेकवत फताफता चालायला लागला. साखरेनं नसांवर परिणाम झाला की असं होतं म्हणे. दवाखान्यात शुगर चारशेच्या वर निघाली. पण मांजर नुसतं घाबरलं तरी शुगर उसळते, म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासली आणि फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची तपासणी करायला लावली. त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो.

तुला इन्सुलिनच्या सुईची धास्ती वाटते ना, ती सोड. तो खायला बसला की पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरायची आणि टोचून मोकळं व्हायचं. सुई इतकी बारीक की पठ्ठ्या ताटलीतून मान वर काढत नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात, सध्या एकेक युनिट. आधी खाल्लं का ते बघायचं. तोंड फिरवलं तर सुई द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. आणि दिली की नाही अशी शंका आली तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एखादी चुकली तर फारसं बिघडत नाही, डबल झाली तर जीवावर बेतू शकतं.

खरी कसरत आहे फ्रीजमध्ये. आमच्या आईंचंही इन्सुलिन त्यातच, तुला माहीतच आहे. त्यांची कुपी ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि सिरिंज लाल टोपीची. गब्बूचं इन्सुलिन, ग्लार्जिन नावाचं, १०० चं, त्याला नारिंगी टोपीची सिरिंज. आता समज, कुणी घाईत त्याचं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत ओढलं, तर एका युनिटऐवजी अडीच युनिट जातील. चार-पाच किलोच्या जिवाला अडीच! म्हणून आईंचा डबा स्टीलचा, वरच्या कप्प्यात. गब्बूचा प्लॅस्टिकचा, भाजीच्या ड्रॉवरजवळ, आणि त्याच्या सिरिंज त्याच डब्याला रबर लावून. ह्यांना मी सांगूनच ठेवलंय, मी घरात नसले तरी अंदाजानं काही करायचं नाही.

बाकी इन्सुलिन मिळण्याची अडचण सोलापुरात नाही. धाराशिव, विजापूर, कलबुर्गीकडचे पेशंट इथे येतात, मेडिकलवाल्यांकडे सगळं असतं. अडचण उन्हाची. वैशाखात भर दुपारी इन्सुलिन आणायला जायचं म्हणजे येईस्तोवर ते शिजायचं. मी ऊन उतरल्यावर जाते, थर्मासात बर्फाची पिशवी ठेवते आणि मध्ये टॉवेल, कारण बर्फाला चिकटून गोठलं तर तेही वायाच. लाइट गेली की फ्रीज उघडायचा नाही, आणि फारच लांबलं तर डबा पाण्यात बुडणार नाही असा माठात. गब्बूच्या इन्सुलिनचं कार्ट्रिज, म्हणजे छोटी नळी, ३ मिलीचं, म्हणजे ३०० युनिट. ह्याला दिवसाला दोन युनिट लागतात, आणि उघडल्यावर २८ दिवसांत संपवा असं वर छापलेलं! पैसे फुकट जातात म्हणून मी कुरकुरले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, फ्रीजमध्ये नीट ठेवलंय आणि पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय तोवर थोडं पुढे चालवू, पण शुगर विनाकारण चढायला लागली की पहिला संशय त्या कार्ट्रिजवर घ्यायचा.

आता खाण्याचं. इथे माझी रोज भांडणं होतात. शेजारच्या अक्का त्याला लहानपणापासून दूध-भाकरी कुस्करून घालतात. आईंचं म्हणणं, "मला शुगरला ज्वारीची भाकरी चालते, मग त्याला का नको?" अहो, तुम्ही माणूस, तो मांसाहारी जनावर! त्याचं शरीर प्रथिनांतून साखर बनवून घेतं, पिष्ट पचवून आवरायची त्याची तयारीच नसते. अक्कांना शेवटी मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं. आता त्या चोरून घालतात की नाही हे मला ग्लुकोमीटर सांगतं. कानाच्या कडेला, कान जरा ऊबदार करून, टोचायचं. थेंबभर रक्त पुरतं. घरी तो निवांत असतो, म्हणून घरचा आकडा दवाखान्यातल्यापेक्षा खरा. आपलं माणसांचं मशीन मांजराची शुगर जरा कमी दाखवतं, पण रोज एकच मशीन वापरलं की चढउतार कळतो.

पाकिटावर पिष्ट किती ते बहुधा लिहितच नाहीत, ते आपण काढायचं. प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजं) शंभरातून वजा करायची. आमच्या जुन्या कोरड्या खाण्यात ३०, १०, ४, १० आणि राख ८ धरली, उरले ३८. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पिष्टच की गं! ओल्या पाकिटांत ते बरंच कमी असतं, त्यातही दाट ग्रेव्हीवाल्यापेक्षा नुसत्या मांसाच्या लगद्यात. नुसतं उकडलेलं चिकन मात्र कायमचं चालत नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि मांजराला खाण्यातूनच लागणारं टॉरिनही पुरेसं मिळत नाही. कांदा-लसूण तर मांजराला विषच. आणि जाड आहे म्हणून उपाशी ठेवायचं नाही, मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं.

एक गोष्ट मला आधी ठाऊकच नव्हती. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज एकदम उतरू शकते. म्हणून ओलं खाणं थोडं थोडं वाढवतेय आणि त्या दिवसांत कान जास्त वेळा टोचतेय. कधी तो लटपटला, झिंगल्यासारखा दिसला, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा. मधाची बाटली फ्रीजवरच असते, हात लावू नकोस! लवकर सुरुवात झाली आणि खाणं सांभाळलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही होतं. परवा त्याचा आकडा पहिल्यांदा दोनशेच्या आत आला, तेव्हा मी ह्यांना ऑफिसात फोन केला. ते मीटिंगमध्ये होते.

तर तू येताना आणायचं ते हे. पुण्यात मिळतील तेवढी ओल्या खाण्याची पाकिटं. मागची बाजू वाच आणि वर सांगितलंय तशी वजाबाकी कर. आणि १०० च्या इन्सुलिनच्या, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंज. इथे मी विचारून दमले. टोपी नारिंगी, विसरू नकोस. वापरलेल्या सुया मी जाड बरणीत साठवून दवाखान्यात देते, घंटागाडीत टाकत नाही, तेव्हा तू कितीही आण. तुझी लेक दर वेळी कोरड्या खाण्याची पिशवी पाठवते, तिला प्रेमानं नको म्हण.

संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालीस तर दहाच्या सुमाराला पोचशील. हे स्टेशनवर येतील. शेंगा चटणी कुटून ठेवलीय.

तुझीच,
माधुरी