काकू, मोकळ्या राहिलेल्या हातांबद्दल आभार

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

एकवीस दिवसांचा प्रवास संपवून आम्ही चौघे गेल्या आठवड्यात सुखरूप घरी परतलो. मुलांना घेऊन आम्ही एवढा लांबचा प्रवास करू शकलो आणि तो करताना आमची तारांबळ उडाली नाही, याचे श्रेय निघण्यापूर्वी सामान कसे भरायचे हे शिकवण्यात तुम्ही आमच्यासाठी खर्च केलेल्या दोन संध्याकाळींना आहे. तुमचे आभार समक्ष मानणारच आहे, तरीही लहान मुलांसह दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या इतर आईवडिलांनाही तुमच्या शिकवणीचा उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग मी तुम्हाला सांगितला होता. चौदा दिवसांच्या प्रवासासाठी आम्ही प्रत्येकाचे चौदा जोड कपडे भरले होते आणि त्यावर ‘लागलेच तर’ म्हणून आणखी काही. एकूण सहा नग झाले. गाडी बदलण्यासाठी जिना उतरताना माझे दोन्ही हात बॅगांत गुंतले होते, यांचेही तसेच, म्हणून अडीच वर्षांच्या धाकट्याला मी पिशवीचा पट्टा धरून चालायला सांगितले. जिना उतरल्यावर पाहते तो पट्टा लोंबकळत होता आणि मूल नव्हते. चार-पाच मिनिटांत तो सापडला, एका खांबाशी उभा राहून गाड्या पाहत होता, पण ती मिनिटे मी अजून विसरलेले नाही. हे ऐकल्यावर तुम्ही मला धीर देत बसला नाहीत. ‘त्या वेळी तुम्हा दोघांपैकी कोणाचा एक तरी हात मोकळा होता का?’ एवढेच विचारलेत.

त्या प्रश्नाने सामानाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. तोवर मी बॅगांत किती मावते याचा विचार करीत असे. तुम्ही आधी हात मोजायला लावलेत. मोठी माणसे दोन, म्हणजे हात चार. त्यांतले दोन मुलांचे हात धरण्यासाठी राखून ठेवायचे. उरलेल्या दोनांपैकी एक तिकिटे, दरवाजे आणि कठडे यांसाठी लागतोच. म्हणजे सामान पाठीवर हवे आणि हातात धरायची बॅग फार तर एक. चाकांच्या मोठ्या बॅगेचा मी आग्रह धरला, तेव्हा तुम्ही तुमचा छोटा ताणकाटा काढून ती रिकामीच टांगून दाखवलीत. साडेचार किलो भरली. गुळगुळीत फरशीवर चाके वजन जाणवू देत नाहीत आणि जिन्यावर तेच सगळे वजन हातात येते, हे मला त्या काट्यासमोर पटले.

कपड्यांचा हिशेब तुम्ही ज्या रीतीने समजावलात तो तर मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. जोड किती घ्यायचे हे प्रवासाच्या दिवसांवर ठरत नाही, दोन धुण्यांमध्ये किती दिवस जातात यावर ठरते. दर चौथ्या दिवशी कपडे धुवायचे ठरवले की मोठ्यांना चार जोड आणि अंगावरचा एक पुरतो, मुलांना त्याहून एक जास्त लागतो, आणि मग प्रवास दहा दिवसांचा असो की चाळीस दिवसांचा, बॅग तेवढीच राहते. हे जमायचे तर कपडे रातोरात वाळणारे हवेत, आणि माझा जीव नेमका जाड सुती कपड्यांवर. सूत पाणी धरून ठेवते, पातळ कृत्रिम धाग्याचे कापड ते लवकर सोडते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण तुम्ही दोन सदरे एकाच वेळी भिजवून शेजारी शेजारी टांगलेत आणि दोन तासांनी मला दोन्हींना हात लावायला सांगितलात, तेव्हा जीन्स आणि जाड टॉवेल मी निमूटपणे परत कपाटात ठेवले. धुतलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून, त्या वळकटीवर गुडघा टेकवून दाबायची तुमची युक्ती आम्ही दर वेळी वापरली. धाकट्याला ते काम इतके आवडले की वळकटीवर उभे राहण्याचा मान त्याने शेवटपर्यंत कोणाला दिला नाही.

हवा काढून कपडे चेपणाऱ्या पिशव्यांबद्दलही तुमचे म्हणणे खरे ठरले. त्यांनी आकार घटतो, वजन घटत नाही. उलट रिकामी जागा दिसली की आणखी काही कोंबण्याचा मोह होतो. त्यांऐवजी मुलांचा एकेक दिवसाचा पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसह, एकेका साध्या पिशवीत ठेवायला तुम्ही सांगितलेत. सकाळी एक पिशवी बाहेर काढायची आणि रात्री त्याच पिशवीत मळलेले कपडे जायचे. त्यामुळे बॅगेची उलथापालथ थांबली आणि आठ वर्षांची थोरली स्वतःचे स्वतः आवरू लागली.

मुलांच्या पाठीवरील ओझे त्यांच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा अधिक नसावे, यावर तुम्ही अडून बसलात. थोरली २४ किलोंची, म्हणून तिची मर्यादा २ किलो ४०० ग्रॅम. धाकटा १५ किलोंचा, त्याची दीड किलो. पाण्याची भरलेली एक लिटरची बाटलीच एक किलोची होते, हे मोजल्यावर त्याच्या पाठीवर लहान बाटली आली. त्याच्या खेळण्यांतली निम्मी गळली आणि शेवटी प्रश्न उरला तो त्याच्या कापडी हत्तीचा. तुम्ही तो हातात घेतलात, एक कान शिवून झाल्याच्या खुणा पाहिल्यात आणि काट्याला न लावताच त्याच्या बॅगेत ठेवलात. ज्याच्याशिवाय मूल झोपत नाही त्याचे वजन करायचे नसते, असे तुम्ही त्याला गंभीरपणे सांगितलेत. ते वाक्य तो आजही सगळ्यांना ऐकवतो.

औषधांच्या बाबतीत मात्र तुम्ही कपात करू दिली नाहीत. तापाचे औषध मूळ वेष्टनात, सोबत मोजमापाची छोटी पेली, दोन्ही मुलांची ताजी वजने आणि डॉक्टरांनी त्यानुसार लिहून दिलेली मात्रा, तापमापक, आणि ओआरएसची पाकिटे. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यायचे, हे तुम्ही पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलेत. नवव्या दिवशी धाकट्याचे पोट बिघडले तेव्हा रात्री दोन वाजता मला काहीही शोधावे लागले नाही. विमानाच्या टप्प्यासाठी पॉवर बँक जवळच्या बॅगेत आणि इतर द्रव पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांत, हेही तुमच्याच यादीत होते.

एका बाबतीत मात्र माझे मत तुमच्याहून वेगळे झाले आहे, आणि ते तुमच्यापासून लपवणे बरोबर नाही. मुलांना एकच जोडी बूट पुरे, असे तुम्ही म्हणाला होतात. बाराव्या दिवशी पावसात थोरलीचे बूट आतपर्यंत भिजले. कागदाचे बोळे कोंबूनही ते वाळायला दीड दिवस लागला आणि तेवढा वेळ आम्ही खोलीतच अडकलो. पुढच्या वेळी मुलांसाठी हलक्या चपला मी नक्की घेईन, भले त्यासाठी माझा एखादा जोड कमी करावा लागो.

परतीच्या प्रवासात गाडी बदलण्याची तीच जागा पुन्हा आली. गर्दी तशीच होती. दोघांच्या पाठीवर एकेक बॅग, यांच्या हातात एक पिशवी, आणि माझ्या हातात धाकट्याचा हात. जिना उतरताना त्याने तो दोनदा सोडवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मला तो घट्ट धरता आला. खाली पोहोचल्यावर गाड्या पाहायच्या म्हणून तो त्याच खांबाशी थांबला. या वेळी आम्ही चौघेही थांबलो.

तुमचा ताणकाटा येत्या रविवारी परत आणून देते. धाकटाही बरोबर येणार आहे. हत्ती प्रवासात कसा वागला हे त्याला तुम्हाला स्वतः सांगायचे आहे.

आपली नम्र,
शेजारच्या दोन मुलांची आई