आपल्यानंतर ज्यांचा हात लागतो

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात चौघींनी मिळून फ्लॅट घेतलाय, तर स्वयंपाकाच्या सूचना पुढच्या पत्रात. आधी हे वाच. मोठ्यांशी कसं बोलावं, आल्यागेल्याला पाणी कसं विचारावं हे तुला येतं, त्याची मला काळजी नाही. मला आठवण राहते ती समोर नसलेल्या माणसाची. तू टाकलेली, ठेवलेली, वापरलेली वस्तू तुझ्यानंतर कुणाच्या तरी हातात जाते. त्या हाताचा विचार आधी करायची सवय लागली की बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

कचऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे निष्काळजीपणा केला तर दुसऱ्याचा हात कापतो. पुण्यात अनेक भागांत दारावर कचरा घ्यायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, १९९३ साली सुरू झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या त्यांच्याच संघटनेतून उभी राहिलेली. घराघरातून दरमहा मिळणारं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे ही त्यांची कमाई. त्यामुळे आमटीत भिजलेला पुठ्ठा सुक्यात टाकलास तर तो भंगारवाला घेत नाही, आणि नुकसान ताईंचं होतं. डबे, बाटल्या नुसत्या पाण्याने विसळून निथळायला ठेव. साबण लागत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा वेगळा पाडू नकोस, पिशवीलाच लटकत राहू दे. तो नखाएवढा तुकडा कुणाच्याही हाती लागत नाही आणि शेवटी गटारात जातो. पिशवी विसळून ओट्याच्या कडेला उलटी वाळत घाल.

ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कधीही देऊ नये. आत हवा नसते, उकाड्यात काही तासांत तो आंबतो, आणि ती गाठ ताईंना हाताने फाडावी लागते. आंबलेलं पाणी त्यांच्या अंगावर येतं. छोट्या बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राच्या दोन घड्या घाल. चहाचा चोथा गाळणीत पिळून मग टाक, उरलेल्या रश्शातलं पाणी आधी गाळून घे. चौघींच्या घरात बादली रोज रिकामी झालीच पाहिजे. रात्री दाराबाहेर ठेवू नका, मांजरं आणि घुशी उपसतात आणि सकाळी जिना झाडणाऱ्या मावशींचं काम दुप्पट होतं.

काच फुटली तर पहिल्यांदा पायात चपला घाल. मोठे तुकडे जाड फडक्याने उचल, मग केरसुणी, आणि शेवटी कणकेचा ओलसर गोळा किंवा भिजवून पिळलेला वर्तमानपत्राचा बोळा फरशीवर दाबत फिरव. डोळ्यांना न दिसणारा चुरा त्याला चिकटतो. तो गोळाही काचेबरोबरच बांधायचा, ओल्या कचऱ्यात नाही. सगळं वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळ, जुन्या खोक्यात घाल, चिकटपट्टी लाव आणि वर मार्करने मोठ्या अक्षरात ‘काच’ लिही. हे पुडकं बादलीत टाकू नकोस, ताईंच्या हातात दे आणि तोंडाने सांग. ब्लेड आणि सुयांसाठी झाकणाची एक जाड प्लास्टिकची बाटली ठेवा. भरत आली की झाकण घट्ट लावून, वर तसंच लिहून वेगळी द्या. बंद पडलेली ट्यूब आणि सीएफएल दिवा फोडू नये, आत पारा असतो. बॅटऱ्याही वेगळ्या.

पॅडबद्दल स्पष्टच लिहिते, कारण चौघी एकच न्हाणीघर वापरणार. वापरलेलं पॅड आधी घडी करून नव्या पॅडच्या वेष्टनात गुंडाळ, मग वर्तमानपत्रात, आणि वर लाल ठिपका काढ. पुण्यात या लाल ठिपक्याची मोहीमच चालली. ठिपका दिसला की ताईंना पुडकं उघडून बघावं लागत नाही. ठिपका नसेल तर सुक्या कचऱ्यातला कागद समजून त्या ते उघडतात, आणि उघड्या हातांना काय लागतं ते तू समजू शकतेस. न्हाणीघराच्या खिडकीत रद्दीचे कापलेले तुकडे आणि एक लाल मार्कर कायमचा ठेवून द्या. मार्कर तिथेच असला की आळस होत नाही. कमोडमध्ये पॅड टाकणं तर नकोच. ते पाणी पिऊन फुगतं, वाकड्या नळीत अडकतं, आणि तुंबलेलं पाणी बऱ्याचदा खालच्या मजल्यावरच्यांच्या घरात निघतं.

ताई किंवा मावशी म्हण, ‘कचरावाली’ म्हणू नकोस. महिन्याचे पैसे ठरलेल्या तारखेला आपणहून काढून ठेव, मागायला लावू नका. त्यांनी पाणी मागितलं तर आपण पितो त्याच भांड्यातून द्यायचं. या बाबतीत तुझ्या घरात कुणी वेगळा पेला काढला तर गप्प बसू नकोस.

आता घरातलं थोडक्यात. अंघोळ झाली की जाळीवरचे केस काढून कागदात गुंडाळ, वायपरने पाणी ओढ, गिझर बंद कर, आणि शॉवरवरचा नॉब नळावर आणून ठेव. नाहीतर पुढची मुलगी कपड्यांसकट भिजते. गॅसचा सिलेंडर जिच्या हातून संपेल तिने लगेच दुसरा नोंदवायचा. रात्री जी शेवटी झोपते तिने रेग्युलेटर बंद आहे ना ते बघायचं. फोनचा आवाज खोलीबाहेर येता कामा नये, आणि पहाटेचा गजर पहिल्या वेळेलाच बंद व्हावा. तीन वेळा वाजणारा गजर तुझ्याआधी शेजारच्या खाटेवरचीला उठवतो.

गाडी. तू स्कूटर चालवणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा दोन गोष्टी मनावर घे. शहरात दिवे असलेल्या रस्त्यावर हेडलाइटचा अप्पर लावायचा नाही. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि तुझ्या उजेडापलीकडे रस्ता ओलांडणारी म्हातारी त्याला दिसत नाही. गाडी लावताना दोन गाड्यांमधून माणूस अंग न चोरता जाईल एवढी जागा सोड. कुणाच्या फाटकासमोर दोन मिनिटांसाठीही लावू नये. आजारी माणसाला बाहेर काढायची वेळ नेमकी त्याच दोन मिनिटांत येऊ शकते.

मागून रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू आला की लोक घाबरून जागीच ब्रेक मारतात, आणि तिथेच सगळं अडतं. तू आधी आरशात बघ, डावा इंडिकेटर लाव, वेग हळूहळू कमी करत डावीकडे सरक. सिग्नलला अडकली असशील तर डावीकडे जेवढं सरकता येईल तेवढं सरक आणि मागच्यांना हाताने खूण कर. एकीने सरकून दाखवलं की बाकीचे सरकतात. रुग्णवाहिका पुढे गेली की तिच्या मागोमाग मोकळ्या वाटेने गाडी काढायची नाही, कारण पाठोपाठ दुसरी येत असू शकते, आणि बाजूला झालेली माणसं त्याच वेळी परत रस्त्यावर येत असतात. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दहा हजार रुपये दंड आहे, पण तू दंडाचा विचार करून सरकणार नाहीस याची मला खात्री आहे.

अपघात दिसला तर थांब. १०८ ला फोन कर, जागा नीट सांग: रस्ता, जवळची खूण, किती माणसं, शुद्धीवर आहेत का. मान-पाठ दुखावलेली वाटली तर आग किंवा गाड्यांचा धोका नसताना ओढून उठवू नये, तोंडात पाणी घालू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धर आणि सारखं उचलून बघू नकोस. पोलिसांच्या भीतीने लोक निघून जातात, पण मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. कायद्याने तसं संरक्षण दिलेलं आहे. हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग.

इस्पितळात कुणाला भेटायला जायचं झालं तर आधी सोबत असलेल्या माणसाला फोन करून विचार, कधी आलेलं चालेल. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. हात धुऊन जवळ जायचं, दहा मिनिटांत उठायचं. ‘आमच्या ओळखीत एकाला हेच झालं होतं’ हे वाक्य तिथे उच्चारायचंही नाही. खायला काही नेऊ नकोस, पथ्य असतं. खरी मदत करायची असेल तर सोबतीच्या माणसाला सांग, “मी दोन तास बसते, तुम्ही घरी जाऊन अंघोळ करा, थोडं झोपा.” रात्र-रात्र बाकड्यावर काढणाऱ्या त्या माणसाकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

फोनवर बोलायच्या आधी “आत्ता बोलायला वेळ आहे का?” विचार आणि “नाही” आलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. कुणाची गाडी नेलीस तर होती त्याहून थोडं जास्त पेट्रोल घालून परत कर, ओरखडा पडला असेल तर मालकिणीच्या नजरेला पडण्याआधी तूच सांग. उसने पैसे परत करताना तारीख उलटणार असं दिसलं तर आदल्या दिवशी कळव.

शेजारच्या काकू डब्यातून काही ना काही पाठवतीलच. डबा दोन दिवसांच्या आत जायला हवा. लोणच्याचा किंवा लसणाचा वास राहिला असेल तर बेसन चोळून घास, झाकणाची रबरी चकती काढून तिच्याखालचं साचलेलं धू, उन्हात उघडा वाळव. आणि रिकामा देऊ नकोस. काही केलेलं नसेल तर मूठभर साखर किंवा दोन लिंबं चालतील.

तुझी,
आई