सूचना : पावसाळ्यात गाडी तयार ठेवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या. पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. आपण ४० ची वाट पाहायची नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की गाड्या लगेच उंचावर न्याव्यात.

जूनपासून टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. वीज गेली की पंपही बंद पडतात आणि एटीएमही, म्हणून थोडी रोख रक्कम गाडीतच असू द्या. डिकीत पिण्याचं पाणी, चिवडा-गूळ, टॉर्च, दोर, शिट्टी, चादर आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. आधार, रेशनकार्ड आणि घराच्या कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. आजी-आजोबांची रोजची औषधं मात्र आठवडाभराची, चिठ्ठीसकट घ्या. गेल्या वेळी सगळ्यात जास्त धावपळ त्यासाठीच झाली.

काच फोडायची छोटी हातोडी डिकीत नको, चालकाच्या हाताशी हवी. पुढची काच तिने फुटत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा.

वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, दोन फूट पाणीही मोटार ओढून नेतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, उतरून बाहेर पडा.

ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनी रविवारपर्यंत सचिवांकडे नाव द्यावं. कुणाच्या गाडीत कोण, हे आधीच ठरवू. मदतीसाठी ११२.

– सचिव